छप्पर बदलायचं का? कौलं, पत्रा की स्लॅब : शहापूर-मुरबाडच्या घराचा हिशोब

शहापूर/मुरबाड (वार्ताहर) : दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली, केंद्रावर भात घालून पैसे खात्यात आले की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो. यंदा छप्पर बदलायचं. म्हातारी माणसं म्हणतात, चार वासे बदला, शाकारून घ्या, अजून दहा वर्षं बघायला नको. पोरगा म्हणतो, पत्रा घाला आणि कटकट मिटवा. शेजाऱ्याने स्लॅब टाकलेला असतो, त्यामुळे सगळ्यांच्या मनात आतून स्लॅबच असतो.

प्रश्न असा आहे की एवढा पैसा छपरात घालून तो वसूल होतो का? सिमेंट, लोखंड, पत्रा यांचे भाव महिन्याला हलतात, म्हणून इथे भाव न देता माल किती लागतो ते दिलं आहे. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव, जिथे तुम्ही माल घेता तिथला त्या दिवसाचा भाव विचारा आणि गुणाकार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुना अंदाज कोणी हातात देत असेल तर तो परत मांडून घ्या.

धरून चालू २० बाय ३० चं घर

हिशोबासाठी २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फुटांचं घर धरू. चारही बाजूंनी दोन फूट वळचण बाहेर काढली आणि उतार नीट दिला की छपराचं क्षेत्र ९०० चौरस फुटांच्या आसपास भरतं. पुष्कळ जण इथेच चुकतात. जमिनीवर माप घेतात आणि ६०० फुटांचा पत्रा आणतात, मग अर्ध्या कामात परत टेम्पो.

या ९०० चौरस फुटाला मंगलोरी कौलं साधारण १,३५० लागतात. एक कौल अडीच ते तीन किलोचं, म्हणजे नुसत्या कौलांचं वजन साडेतीन-चार टन, ओली झाली की आणखी. तेवढ्याच जागेवर अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा साडेतीनशे-चारशे किलोत बसतो, खालच्या पाइपांचं वजन वेगळं. आणि ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब? तो सतरा-अठरा टन. हे तीन आकडे लक्षात ठेवा. कुठलं छप्पर तुमच्या घराला चालेल, हे निम्मं इथेच ठरतं, कारण हे सगळं वजन भिंतींनी आणि खांबांनी उचलायचं असतं.

विकून पैसे निघतील का?

शहरात म्हणतात घर सुधारलं की घराची किंमत वाढते. आपल्याकडे गावठाणातलं घर विकतो कोण? भावकीत वाटणी होते, विक्री क्वचित. स्लॅबला चार लाख घातले म्हणून घर चार लाखांनी महाग विकलं जाईल, असं कोणी धरू नये. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन ज्या गावांना मालमत्ता पत्रक मिळालं, तिथे घरावर कर्ज काढायला कागद झाला, एवढा फरक नक्की पडला. पण कर्ज म्हणजे किंमत नव्हे.

दोन ठिकाणी गोष्ट वेगळी आहे. आसनगाव, वाशिंद, खर्डी अशी स्टेशनजवळची गावं आणि मुरबाड एमआयडीसीच्या आजूबाजूची गावं. इथे कामगार खोल्या भाड्याने घेतात. छप्पर गळत नसेल तर खोली जाते, गळत असेल तर पावसाळ्यात रिकामी राहते. तिथे छपराचा पैसा भाड्यातून मोजता येतो. दुसरं, माळशेजच्या वाटेवर किंवा माहुलीच्या पायथ्याला कोणी पाहुण्यांसाठी घर ठेवत असेल तर. गंमत अशी की मुंबईचा पाहुणा कौलारू घर बघायला येतो. स्लॅबच्या घरात तो रोजच राहतो. तिथे कौलं काढली तर स्वतःच्याच धंद्यावर धोंडा.

बाकी सगळ्यांनी वसुली दुसरीकडे शोधायची. काय काय वाचतं? दरवर्षी मे महिन्यात शाकारायला लागणारे मजूर आणि दिवस. फुटलेली कौलं. दोन वर्षांनी बदलावं लागणारं निळं प्लास्टिक. माळ्यावरचं भात आणि बियाणं. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. दोन क्विंटल भाताला पाणी लागून बुरशी आली तर पावणेपाच हजार गेले. त्यात पेंढा कुजला, रेशनचं धान्य भिजलं, लहान पोराला ओलीत झोपून खोकला झाला, दवाखाना झाला. हे कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून गळक्या छपराचा खर्च शून्य वाटतो.

एक वर्ष लिहून बघा. मागच्या पावसाळ्यात छपरामुळे किती गेले, ते सगळं जोडा. समजा सात हजार आले. आता नव्या छपराचा अंदाज घ्या आणि ते जितकी वर्षं टिकेल त्याने भागा. समजा दीड लाखाचं छप्पर, वीस वर्षं, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. हे जवळजवळ बरोबरीत आलं, मग सुखाची झोप फुकट मिळाली असं समजून करायला हरकत नाही. पण चार लाखांचं छप्पर आणि तीस वर्षं, म्हणजे वर्षाला तेरा हजारांच्या वर. तिथे थांबून विचार करावा. हे आकडे रीत दाखवायला धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

कौलारू छपराचं दुखणं कौलात कमी, लाकडात जास्त

आपली जुनी घरं नळीच्या कौलांची. कुंभार थापायचा, भट्टी लावायचा. आता नळीची कौलं घडवणारा शोधूनही सापडत नाही. मंगलोरी कौलं बाहेरची. १८६५ साली बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला त्यांचा कारखाना काढला, तिथून ती मुंबई-कोकणात आली. आता दुकानात गुजरातमधल्या मोरबीची कौलंही मिळतात. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा असतो, जुन्यात नवं कौल बसत नाही. म्हणून जुनं घर पाडणाऱ्याकडून दोन-तीनशे कौलं घेऊन मागच्या पडवीत रचून ठेवणारा माणूस शहाणा.

कौलाला एवढं उष्णता सोसणारं, हवा खेळवणारं दुसरं काही नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा कौलाखाली दुपारी पडता येतं, पत्र्याखाली नाही. चुलीचा धूरही फटीतून निघून जातो. मग लोक कौलं का काढतात? कारण तीन. पहिलं, माकडं. जंगलाकडेच्या गावांत टोळी एकदा छपरावरून गेली की पन्नास कौलं जागेवरून हललेली. दुसरं, शाकारणारा माणूस. घरातले तरणे पोरगे भिवंडीच्या गोदामात नाहीतर कंपनीत, म्हाताऱ्याला आढ्यावर चढवायचं कसं? तिसरं, लाकूड. वाळवी. जाणती माणसं सांगतात की चुलीचा धूर लागायचा तोवर वासे टिकायचे, गॅस आला आणि कीड वाढली. त्यात तथ्य आहे, धुराच्या काजळीने किडा लागत नाही.

म्हणून छप्पर बदलायचं ठरवण्याआधी एक सुट्टीचा दिवस काढून तपासणी करा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत बसा आणि वर बघा. उजेडाचे ठिपके कुठे दिसतात ते मोजा. ठिपके विखुरलेले असतील तर नुसती शाकारणी पुरे. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाशाची टोकं टोचा, खास करून भिंतीवर टेकलेली आणि वळचणीची. टोक भसाभस आत गेलं तर वासा गेला. शेवटी आढ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणा. आढं मध्ये सुतळीपासून दोन-तीन इंच खाली बसलेलं असेल तर दुखणं मोठं आहे. माझं मत सांगतो : रिपा आणि दहा-बारा वासे गेले असतील तर दुरुस्ती करा. आढं, मेढी किंवा तुळई गेली असेल तरच सगळं छप्पर उतरवा. पुष्कळ घरांत रिपा कुजल्या म्हणून अख्खं सागाचं छप्पर उतरवलं गेलं आहे.

मधला मार्गही आहे. लाकडाऐवजी लोखंडी पाइपाचा सांगाडा करून त्यावर तीच जुनी कौलं. वाळवीचा विषय संपतो, गारवा राहतो. किंवा खाली पातळ पत्रा आणि वर कौलं. कौल सरकलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, आणि कौल वर असल्याने पत्रा तापत नाही. खर्च दोन्हीचा लागतो, पण राहत्या घराला हा प्रकार मला सगळ्यात पटलेला आहे. पाइपांना रेड ऑक्साइडचे दोन हात लावल्याशिवाय वर चढवू देऊ नका, नंतर आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही.

जुनं लाकूड फुकट घालवू नका

छप्पर उतरवलं की दुसऱ्या दिवशी भंगारवाला आणि जुन्या लाकडाचा व्यापारी दारात. साग, शिसव, ऐन. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, नवीन सागाला ती मुरवण नाही. व्यापारी ढीग बघून ठोक भाव सांगतो आणि घरचा माणूस अंगण मोकळं होतंय म्हणून देऊन टाकतो. तसं करू नका. प्रत्येक वासा, खांब, दाराची चौकट मोजून घनफुटात मांडा, सॉ मिलमध्ये जाऊन जुन्या सागाचा भाव विचारा, मग बोला. कोरीव खांब आणि पाट्या वेगळ्या ठेवा, त्यांची किंमत लाकडाची नसते. नव्या छपराच्या खर्चात या लाकडाचा मोठा वाटा निघू शकतो. गाडीत भरण्याआधी वाहतुकीचा पास लागतो का, हे वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नाक्यावर गाडी अडली की व्यापारी बाजूला होतो, नाव मालकाचं पुढे येतं.

पत्रा : स्वस्त, हलका, पण नीट बसवला तरच

मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती असतील तर पत्रा हाच बऱ्याचदा व्यवहारी उपाय. वजन नसल्यात जमा. पण पत्रा दुकानात सारखाच दिसतो आणि जाडीत फसतो. ०.३५ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त म्हणून घेतला तर माणूस वर चालला की वाकतो आणि माकड उडी मारलं तरी खड्डा पडतो. ०.४५ ते ०.५० च्या खाली राहत्या घराला घेऊ नका. जाडी पत्र्याच्या मागे छापलेली असते, नसेल तर बिलावर लिहून घ्या.

आपल्या पावसाला उतार लागतो. पत्र्याला कमी उतार चालतो असं फॅब्रिकेटर सांगतो, ते बरोबर आहे, पण झड वाऱ्याबरोबर खालून वर येते. २० फूट रुंदीला मध्ये निदान पाच फूट उंची द्या. एकावर एक पत्रा चढवताना सहा इंचांपेक्षा कमी ठेवू नका. खालच्या पाइपांमधलं अंतर चार फुटांवर जाऊ देऊ नका, कडेला आणि आढ्याजवळ त्याहून जवळ, कारण वारा पत्रा कडेपासून उचलतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, रबरी वॉशरसकट. वॉशर साधं असलं की दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन फुटतं आणि मग प्रत्येक स्क्रूतून थेंब.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, मे २०२१ मध्ये तौक्ते समुद्रातून वर गेलं. दोन्ही वेळी पत्रे उडालेली घरं आपण पाहिली. चक्रीवादळाचंच कशाला, मे महिन्यातला वळीव पुरतो. पाइपाचा सांगाडा भिंतीवर नुसता ठेवलेला असतो, भिंतीत गाडलेला नसतो. मग पत्रा पाइपासकट उडतो. भिंतीच्या वर सिमेंटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट सोडा आणि सांगाडा त्याला आवळा. भिंत मातीची असेल तर खांब जमिनीतून वर घ्या. छपरावर दगड आणि टायर ठेवायची पद्धत सोडा, वादळात तो दगड दुसऱ्याच्या डोक्यात जातो.

उकाड्याला उपाय म्हणजे खाली छत. बांबूच्या तट्ट्याचं केलं तरी चालतं, फक्त मध्ये हवा जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. वरून पांढरा रंग दिला तरी फरक जाणवतो. पावसाच्या आवाजाला मात्र औषध नाही. जुलैमध्ये पत्र्याखाली फोन आला तर पडवीत जाऊन ओरडायचं.

आणि विजेचं बघा. महावितरणची सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर आवरण सोलून अख्ख्या छपरात करंट उतरतो. वायर पाइपातून वेगळ्या खांबावरून आत घ्या, घराला अर्थिंग करा आणि मीटरनंतर गळती झाली की बंद पडणारा ब्रेकर बसवा. नव्या छपराच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

सिमेंटचा पत्रा

स्वस्त आणि लोखंडापेक्षा थोडा थंड म्हणून लोक अजूनही करड्या सिमेंट पत्र्याकडे वळतात. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपात त्यावर बंदी आहे, आपल्याकडे पत्रा विकायला परवानगी आहे. घरावर धड बसलेला पत्रा लगेच काही करत नाही, धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना. म्हणून नवा घेऊ नका, आणि जुना उतरवायचा असेल तर आधी पाणी मारून भिजवा, नाकातोंडाला चांगला मास्क बांधा, फोडू नका, अख्खा उतरवा. त्याचे तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरायला देऊ नका. आणखी एक, त्यावर थेट पाय देऊ नका. जुना सिमेंट पत्रा माणसाच्या वजनाने मोडतो. फळी टाकून तिच्यावरूनच चालायचं.

स्लॅब : एकदाच, पण पाणी कुठून आणायचं?

स्लॅबला विरोध नाही. भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या नऊ इंची असतील, पाया चांगल्या मुरमात असेल किंवा कॉलम-बीम असतील, वर मजला चढवायचा विचार असेल, तर स्लॅब टाका. पण मातीच्या भिंतींवर अठरा टन ठेवायचे नाहीत, मग गवंडी कितीही छाती ठोको.

६०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सात घनमीटर काँक्रीट लागतं. एक, दीड, तीन या प्रमाणाने ५५ ते ६० गोण्या सिमेंट आणि साधारण ५५० ते ७०० किलो लोखंड. बीम आणि कॉलमचं याच्याव्यतिरिक्त. सळईच्या खाली पाऊण इंच काँक्रीट राहायला हवं, त्यासाठी सिमेंटचे ठोकळे ठेवतात. ते ठेवले नाहीत तर सळई खालून उघडी पडते, गंजते, आणि दहा-पंधरा वर्षांत पोपडे पडायला लागतात. ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः वाकून बघा.

खरी अडचण पाण्याची. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या पाड्यांना टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. आणि नेमका याच महिन्यांत आपण स्लॅब टाकतो, पाऊस यायच्या आत म्हणून. काँक्रीटचं बळ त्याला मिळणाऱ्या ओलीवर असतं. बांधकामाच्या भारतीय मानकानुसार किमान सात दिवस, कोरड्या उष्ण हवेत दहा दिवस स्लॅब ओला राहायला हवा. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला दोन आठवडे दिलेले चांगले. ६०० फुटांवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचं तर पहिल्या भरण्यालाच २,८०० लिटर लागतात, आणि मे महिन्यात ते रोज आटतं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. मे महिन्यात स्लॅब टाकला, विहीर तळाला गेली, चार दिवस पाणी मारलं आणि नंतर गोणपाट टाकून सोडून दिलं. पहिल्याच पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात ओल आली. तीन वर्षं रसायनं लावली, कोबा केला. शेवटी स्लॅबवर पत्र्याची शेड घातली. म्हणजे छप्पर दोनदा विकत घेतलं.

हे माझं एकट्याचं नाही. आसनगावपासून टोकावड्यापर्यंत रस्त्याने जाताना बघा, दर चार-पाच स्लॅबच्या घरांत एकावर तरी पत्रा दिसेल. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सपाट छपराला तो सोसत नाही. म्हणून स्लॅबचा अंदाज घेतानाच वरच्या शेडचा खर्च धरा. शेड नको असेल तर स्लॅबला पाणी जाणाऱ्या बाजूला उतार द्या, पाण्याची तोंडं मोठी ठेवा आणि वरचा कोबा स्लॅबबरोबरच करा, नंतर बघू म्हणू नका. सेंटरिंग लवकर काढायला ठेकेदार घाई करतो, कारण त्याला पाट्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस टेकू हलवू देऊ नका. आपल्याकडचे जुने गवंडी तीन आठवडे ठेवतात, ते बरं.

स्लॅब झाला की ग्रामपंचायतीच्या नोंदीत घराचा प्रकार बदलतो आणि घरपट्टी वाढते, हेही धरा. नवीन बांधकाम किंवा मजला असेल तर काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत, आणि शहापूर-मुरबाड शहरात असाल तर नगरपंचायतीत परवानगीचं विचारा.

घरकुलाच्या यादीत नाव असेल तर थांबा

ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नव्या घरासाठी आहे, नुसतं छप्पर बदलायला तिच्यातून पैसे मिळत नाहीत. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात यात ५० हजारांची वाढ जाहीर केली. पात्रता कच्च्या घराला. आणि सरकारी मोजणीत हाताने थापलेली कौलं, गवत, प्लास्टिक हे कच्चं छप्पर, तर मशीनची कौलं, पत्रा, स्लॅब हे पक्कं छप्पर. म्हणजे सर्वेक्षण झालंय, यादी लागायची आहे, आणि तुम्ही उसने पैसे काढून पत्रा घातला, तर पडताळणीला आलेला माणूस पक्कं घर लिहून जाऊ शकतो. आधी ग्रामपंचायतीत यादी बघा. गळतीला तोपर्यंत प्लास्टिक लावा आणि वाट बघा.

आदिवासी बांधवांसाठी शबरी घरकुल योजना आहे, चौकशी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात. कातकरी कुटुंबांना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमधून घरासाठी २ लाख मिळतात. अनुसूचित जातींना रमाई, इतर मागास वर्गाला मोदी आवास. यातलं कुठलंच तुम्हाला लागू नसेल तरच स्वतःच्या खिशातून छपराचा विचार.

वादळाने छप्पर गेलं तर भरपाई मिळते, पण ती पुरत नाही. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत किमान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये आहेत. गोठ्याला ३,०००. पंचनामा होण्याआधी पत्रे परत चढवू नका. चढवावेच लागले तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. घर नमुना ८ ला तुमच्या नावावर नसेल तर पैसे अडकतात, ते आजच बघून ठेवा.

उसने पैसे काढून?

सहकारी बँकेतून १२ टक्क्यांनी एक लाख तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,३२१ रुपये, एकूण परतफेड १ लाख १९ हजार ५०० च्या आसपास. हेच गावात महिना दोन टक्क्यांनी घेतले आणि मुद्दल फेडता आली नाही, तर नुसतं व्याज वर्षाला २४ हजार. चार वर्षांत छपराची किंमत व्याजात गेली आणि मुद्दल तशीच उभी. त्या भावाने छप्पर कधीच वसूल होत नाही. बचत गटातून मिळत असेल तर ते बघा, किंवा काम दोन हंगामांत करा. यंदा सांगाडा आणि पुढची पाखी, पुढच्या वर्षी मागची. भिंती पक्क्या असल्या तर असं करायला काही अडत नाही.

कामाचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. विहिरीला पाणी असतं, मजूर मोकळे असतात, फॅब्रिकेटर भाव करून देतो. एप्रिल लागला की सगळ्यांनाच घाई आणि फॅब्रिकेटरचा फोन लागत नाही.

पन्हळ लावायची राहते

छप्पर कुठलंही घाला, त्याला कडेने पन्हळ लावा. वर धरलेल्या घराचं वळचणीसकट क्षेत्र ८१६ चौरस फूट. अडीच हजार मिलिमीटर पावसात त्यावर पावसाळाभर १ लाख ८९ हजार लिटर पाणी पडतं. आज ते पागोळ्यांतून भिंतीच्या पायाशी खड्डा पाडतं आणि पाया भिजवतं. पन्हळीतून ते बोअर किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा, थोडं टाकीत घ्या. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. आणि सिमेंटच्या पत्र्यावरून आलेलं पाणी पिण्यासाठी साठवू नका, ते जनावरांच्या गोठ्याच्या सफाईला वापरा.